आगपेटीतला नमुना का चालत नाही? संडासच्या तपासणीत नेमकं काय बघतात

आगपेटीत आणलेला संडासचा नमुना लॅबवाल्यानं परत केला की माणूस चिडतोच. पहाटेच्या एसटीनं तालुक्याला आलेला, केसपेपर काढायला रांगेत उभा राहिलेला, आणि आता म्हणे ‘डबी घेऊन उद्या या’. पण यात लॅबवाल्याचा नखरा नाही. आगपेटीचा पुठ्ठा नमुन्यातलं पाणी ओढून घेतो. पाणी गेलं की त्यात ज्या जिवंत गोष्टी शोधायच्या असतात त्या मरतात, आकसतात, ओळखू येत नाहीत. कापसावर, वर्तमानपत्राच्या घडीत किंवा पानात गुंडाळून आणलेल्या नमुन्याचीही तीच गत.

रक्त तपासायचं तर सुई टोचणारा माणूस शिकलेला असतो. संडासचा नमुना मात्र पेशंट स्वतः घेतो, नाहीतर लेकराची आई घेते. घरी, पहाटेच्या अंधारात, कुणी काही न सांगता. त्यामुळे या तपासणीचा अर्धा निकाल मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधीच लागलेला असतो. रिपोर्टवर ‘ओव्हा, सिस्ट: नॉट सीन’ (कृमींची अंडी, कवचातले जीव दिसले नाहीत) लिहून आलं म्हणजे पोटात काही नाही, असं नव्हे. त्या एका नमुन्यात, त्या वेळी, काही दिसलं नाही, एवढंच.

तपासायचं कधी, आणि कधी नाही

पावसाळ्यात एकाएकी पाण्यासारखी हगवण लागली, रक्त पडत नाही, ताप फारसा नाही, तर बहुतेक वेळा तपासणीची गरजच नसते. लहान लेकरांत तर कारण बरेचदा विषाणू असतो, आणि विषाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही. अशा वेळी रिपोर्टची वाट पाहण्यात जो वेळ जातो तोच धोक्याचा. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात कालवून दर संडासनंतर थोडं थोडं पाजायचं. सोबत ५ वर्षांखालच्या मुलाला झिंकची गोळी १४ दिवस: ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मि.ग्रॅ., २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मि.ग्रॅ. दोन्ही गोष्टी आशाताईकडे किंवा उपकेंद्रात मिळतात. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर लॅबकडे नाही, थेट दवाखान्यात.

तपासणी खरी कामाची ठरते ती वेगळ्या वेळी. मुरडा येऊन आव किंवा रक्त पडतंय. जुलाब १४ दिवसांवर लांबलेत. हिमोग्लोबिन वारंवार घसरतंय आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही चढत नाही. मूल खातं पण अंगाला लागत नाही. संडासमध्ये काही वळवळताना दिसलं. किंवा एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या चार घरांत एकदम हगवण सुरू झाली. ‘पोटात गॅस होतो’ या एका तक्रारीवर संडास तपासून सहसा काही हाती लागत नाही, आणि कल्चर लावणं, म्हणजे जंतू थाळीवर वाढवून बघणं, तर बहुतेकदा पैसे पाण्यात.

नमुना घेताना

डबी रुंद तोंडाची, कोरडी, घट्ट झाकणाची हवी. दवाखान्यातून मिळते, मेडिकलवरही मिळते. खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन आणू नये, कारण साबणाचा किंवा औषधाचा अंश राहतो आणि अरुंद तोंडातून नमुना काढताही येत नाही. मलमाची रिकामी डबी तर नकोच; तेलाचे थेंब स्लाइडवर गोल गोल दिसतात आणि बघणाऱ्याला चकवतात.

आधी लघवी करून घ्यायची, मग संडास. लघवीचं आम्ल आणि क्षार अमिबासारख्या नाजूक एकपेशी जीवाला मारतात. संडासच्या भांड्यातून नमुना उचलायचा नाही, तिथे फिनाइल असतं, अ‍ॅसिड असतं, पाणी असतं. जमिनीवरून तर नाहीच. ओल्या मातीत मोकळे राहणारे बारीक सूत्रकृमी असतात, पाण्यात निरुपद्रवी अमिबा असतात; ते नमुन्यात मिसळले की लॅबमध्ये भलताच जीव दिसतो आणि भलतंच औषध सुरू होतं. सोपा उपाय असा की लग्नात वापरतात तो कागदी द्रोण किंवा स्वच्छ पन्नी कोरड्या जागी पसरायची, त्यावर बसायचं, आणि डबीच्या झाकणाला असलेल्या चमच्यानं किंवा स्वच्छ काडीनं नमुना उचलायचा. तान्ह्या बाळाच्या लंगोटातलं पाणी कापड शोषून घेतं, म्हणून लंगोटाच्या आत पन्नीचा तुकडा ठेवतात.

किती घ्यायचा? घट्ट असेल तर सुपारीएवढा. पातळ असेल तर २ चमचे, म्हणजे साधारण १० मि.ली. डबी काठोकाठ भरली की लॅबची सोय होते असं अनेकांना वाटतं, पण उलटं होतं. नमुन्यात वायू तयार होत राहतो, उन्हाळ्यात तर झपाट्यानं, आणि एसटीत पिशवीतच झाकण उडतं. तिसरा हिस्सा भरली तरी पुष्कळ.

कुठला भाग घ्यायचा हेही महत्त्वाचं. आव, रक्ताची रेघ, चिकट भाग दिसत असेल तर तोच आधी उचलायचा. लोकं नेमकं उलटं करतात, घाण वाटणारा भाग टाळून ‘स्वच्छ’ तुकडा आणतात. अमिबा त्या चिकट भागातच असतो. संडास घट्ट असेल तर वरचा थोडा आणि आतला थोडा.

डबीच्या अंगावर नाव, वय, तारीख आणि वेळ लिहायची. झाकणावर नाही, दहा डब्या एकदम उघडल्या की झाकणं बदलतात. वेळ लिहायला सगळे विसरतात, आणि वेळच सगळ्यात मोलाची.

घड्याळ आणि ऊन

पातळ संडासमध्ये अमिबा किंवा जिआर्डिया (हाही एकपेशी जीवच) हालचाल करणाऱ्या रूपात असतो. शरीराबाहेर पडला की तो फार टिकत नाही. म्हणून पातळ नमुना अर्ध्या तासात, अर्धवट पातळ तासाभरात स्लाइडवर जायला हवा. घट्ट संडासमध्ये जीव बहुधा कवच धरून बसलेले असतात, सिस्टच्या रूपात, आणि कृमींची अंडीही टिकाऊ असतात. तो नमुना त्याच दिवशी कधीही पाहिला तरी चालतो.

आता मेळघाटातल्या पाड्यावरून किंवा भामरागडकडच्या गावातून पातळ नमुना अर्ध्या तासात लॅबमध्ये कसा पोचणार? पोचत नाही. त्यामुळे रक्त-आव पडत असेल तर घरून डबी नेण्यापेक्षा पेशंटनंच दवाखान्यात जाऊन तिथल्या संडासात नमुना द्यावा. आणि जंत किंवा सिस्टच शोधायच्या असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनला विचारून १० टक्के फॉर्मलीन असलेली बाटली घ्यावी. १ भाग नमुना, ३ भाग फॉर्मलीन, काडीनं नीट कालवायचं. अंडी आणि सिस्ट मग आठवडाभरानंही ओळखता येतात. पण फॉर्मलीननं सगळं मरतं, त्यामुळे हालणारा अमिबा त्यात दिसणार नाही आणि त्या नमुन्याचं कल्चरही होणार नाही. फॉर्मलीन विषारी आहे, बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

आपल्याकडे मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर ४५ अंशांच्या आसपास तापतात. उभ्या मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेली डबी त्याहून तापते. अशा नमुन्यात अमिबा शोधणं म्हणजे वाळलेल्या नाल्यात मासोळी शोधणं. घट्ट नमुन्याची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत नेली तर चालते. फ्रिजमध्ये ठेवायची झाली तर खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलं की पेशी फुटतात.

उन्हाळ्याची आणखी एक गंमत आहे, आणि तिनं चांगले चांगले फसतात. अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची अंडी उबदार हवेत दिवसभर राहिली की फुटून अळ्या बाहेर येतात. शिळ्या नमुन्यात अळ्या दिसल्या तर त्या अंकुशकृमीच्या असू शकतात. पण ताज्या नमुन्यात अळ्या दिसल्या तर संशय स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या वेगळ्या कृमीचा. हा फरक किरकोळ नाही. स्ट्राँगिलॉइडिस पोटात असताना दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड चालू केलं तर तो अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. डबीवर लिहिलेली वेळ इथे कामी येते.

स्लाइडवर काय होतं

आधी नुसत्या डोळ्यांनी बघतात: रंग, घट्टपणा, आव, रक्त, कृमी. घट्टपणासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात लेंडीसारख्या सुट्या गोळ्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत ७ प्रकार आहेत. ३ आणि ४ हे चांगले.

मग काचेच्या पट्टीवर दोन थेंब. डावीकडे ०.८५ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन. उजवीकडे लुगोलचं आयोडीन. काडीच्या टोकावर साधारण २ मि.ग्रॅ. नमुना घेतात, मोहरीच्या दाण्याएवढा, आणि दोन्ही थेंबांत कालवतात. वर पातळ काच तिरपी टेकवून हळूच सोडतात, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. थर किती जाड असावा याची जुनी खूण आहे: पट्टी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. अक्षरं दिसेनात तर अंडी कचऱ्याखाली दडतात. फारच स्पष्ट दिसली तर पट्टीवर नमुनाच कमी.

सलाइनच्या थेंबात जिवंत जीव हालताना दिसतो. अमिबा बोटासारखा फुगवटा काढून सरकतो, जिआर्डिया झाडावरून गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत जातो. आयोडीनच्या थेंबात तो मरतो, पण सिस्ट पिवळसर रंगते आणि तिच्यातली केंद्रकं मोजता येतात. म्हणून दोन्ही थेंब लागतात. फक्त आयोडीनवर बघून ‘ट्रोफोझॉइट (हालणारं रूप) नाही’ लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. जिआर्डिया पहिल्यांदा पाहिला तो लेवेनहुकनं, १६८१ साली, स्वतःच्याच संडासमध्ये. तेव्हा ना आयोडीन होतं ना वीज.

आधी १० च्या भिंगाखाली पूर्ण काच नांगरणीसारखी पालथी घालायची, तास मारत जायचं, एकही पट्टा सोडायचा नाही. संशयास्पद काही दिसलं की ४० चं भिंग. नवखे लोक इथे एक चूक करतात, प्रकाश पूर्ण उघडा ठेवतात. अंकुशकृमीचं अंडं बिनरंगी, पातळ कवचाचं, फक्त ६० मायक्रोमीटर लांब. भगभगीत उजेडात ते पुसून गेल्यासारखं होतं. कंडेन्सर, म्हणजे पट्टीखालचं उजेड गोळा करणारं भिंग, थोडा खाली घेतला, उजेड कमी केला की त्याची कड उठून दिसते आणि आतल्या ४-८ पेशी मोजता येतात. गोल जंताचं अंडं त्यामानानं सोपं: तपकिरी, बाहेरून खडबडीत.

दुसरी चूक उलट दिशेची, नसलेलं दिसण्याची. परागकण अंड्यासारखे दिसतात. भाजीच्या पानावरचा केस अळीसारखा दिसतो. यीस्ट आणि हवेचा बुडबुडा सिस्टसारखे दिसतात. घरीसुद्धा टमाट्याची गुंडाळलेली साल किंवा केळातला काळसर तंतू पाहून ‘जंत पडला’ म्हणून लोक धावत येतात. शंका असेल तर तो तुकडा डबीत घालून आणावा. फेकून देऊन वर्णन सांगण्यात काही उपयोग नाही.

अंड्यांचा हिशेब

एका स्लाइडवर भरवसा का ठेवू नये हे आकड्यांवरून पटकन कळतं.

गोल जंताची एक मादी दिवसाला साधारण २ लाख अंडी घालते. माणसाला दिवसाला २०० ग्रॅम संडास होते असं धरलं तर एका ग्रॅममध्ये १,००० अंडी. स्लाइडवर जातो २ मि.ग्रॅ., म्हणजे २ अंडी. पोटात एकच मादी असली तरी सापडायची शक्यता चांगली.

अंकुशकृमीचं गणित वेगळं. नेकेटर जातीची मादी दिवसाला ५ ते १० हजारच अंडी घालते. अशा १० माद्या असल्या, प्रत्येकीची ७,००० धरली, तर दिवसाला ७०,०००, ग्रॅमला ३५०. मग २ मि.ग्रॅ.मध्ये किती? पाऊण अंडंसुद्धा नाही. म्हणजे कृमी पोटात बसून रक्त पिताहेत आणि रिपोर्ट ‘नॉट सीन’. ज्वारीची भाकर, पालेभाजी खाणाऱ्या माणसाची संडास २०० ग्रॅमपेक्षा बरीच जास्त भरते, मग तर अंडी आणखी विरळ होतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला काटो-कात्झ. पट्टीवर भोक असलेला साचा ठेवून त्यात गाळलेला नमुना भरतात, बरोबर ४१.७ मि.ग्रॅ. मावतो. वर ग्लिसरीन लावलेला सेलोफेन दाबतात, त्यानं कचरा पारदर्शक होतो. दिसलेली अंडी गुणिले २४ केली की ग्रॅममागे किती ते कळतं. वरच्या उदाहरणात १४-१५ अंडी दिसायला हवीत. पण ग्लिसरीन अंकुशकृमीच्या अंड्यालाही पारदर्शक करून टाकतं, म्हणून ही पट्टी अर्ध्या ते एका तासात वाचावी लागते. जेवून येऊन बघू म्हटलं की अंडी गायब. दुसरा उपाय फॉर्मॉल-ईथर. १ ग्रॅम नमुना १० टक्के फॉर्मलीनमध्ये कालवून गाळायचा, ईथर घालून जोरात हलवायचा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. नळीत चार थर बसतात: वर ईथर, मग चरबी-कचऱ्याची चकती, मग फॉर्मलीन, तळाशी गाळ. अंडी आणि सिस्ट त्या तळच्या गाळात. ‘कॉन्सन्ट्रेशन मेथडनं बघा’ असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं तरच बहुतेक ठिकाणी हे करतात, एरवी साधी स्लाइड.

जिआर्डियाचा त्रास आणखी वेगळा. तो रोज बाहेर पडतच नाही, काही दिवस पडतो, काही दिवस नाही. म्हणून ३ नमुने, एक दिवसाआड, १० दिवसांच्या आत. एकाच दिवशी तीन डब्या भरून आणल्या तर तो एकच नमुना.

भंडारा-गोंदियात धानाच्या रोवणीला अनवाणी बांधीत उतरतात, आणि बांधावरच कुणी परसाकडे बसत असेल तर अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून शिरते. तिची अंडी संडासमध्ये दिसायला सहसा ५-६ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. जुलैत रोवणी केली आणि पंधरा दिवसांत तपासणी केली तर काही दिसणार नाही. सप्टेंबरच्या पुढे दिसेल.

बारीक कृमी, रात्री लेकराला शौचाच्या जागी खाज आणणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यासारख्या, त्यांच्यासाठी संडास तपासणं जवळपास वाया. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, आत नाही. सकाळी लेकरू उठल्यावर, धुवायच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू त्या जागेवर दाबायची आणि तीच पट्टी काचेवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. लागोपाठ तीन सकाळी केलं तर बहुतेक सापडतात. दुधी, धुरकट टेप घेऊ नये, आरपार दिसत नाही.

अमिबा: सगळ्यात जास्त चुकणारा शब्द

कुठेही पोट दुखलं की ‘अमिबायसिस’ आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, ही सवय गावोगाव आहे. मायक्रोस्कोपखाली रोग करणाऱ्या एन्टामिबा हिस्टोलिटिकाची सिस्ट आणि निरुपद्रवी एन्टामिबा डिस्पारची सिस्ट हुबेहूब सारखी दिसते: दोन्हीत १ ते ४ केंद्रकं. कितीही हुशार टेक्निशियन असो, सिस्टवरून फरक सांगता येत नाही. हालणाऱ्या अमिबाच्या पोटात तांबड्या रक्तपेशी दिसल्या तरच तो रोग करणारा असं धरतात. नाहीतर अँटिजेन तपासणी, म्हणजे त्या जीवाचे स्वतःचे अंश शोधणारी तपासणी, लागते, जी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते.

आणखी एक घोळ नावाचा. ‘ई. कोलाय सिस्ट’ लिहिलेलं असलं तर तो एन्टामिबा कोलाय, ८ केंद्रकांचा, पोटात फुकट राहणारा भाडेकरू, त्याला औषध लागत नाही. आणि कल्चरमध्ये ‘ई. कोलाय ग्रोन’ आलं तर तो जिवाणू, एशेरिशिया कोलाय, जो प्रत्येकाच्याच आतड्यात असतो. दोन्ही वाचून लोक घाबरतात. दोन्हींपैकी एकामुळेही सहसा घाबरायचं कारण नसतं.

‘पस सेल्स’चा, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशींचा, आकडा मात्र नीट बघण्यासारखा. ४० च्या भिंगाखाली एका दृश्यात दोन-चार असल्या तर काही नाही. ढीगभर पस सेल्स, सोबत रक्त आणि ताप असेल तर शिगेलासारख्या जिवाणूचा आमांश. रक्त भरपूर पण पस सेल्स फारशा नाहीत, असल्या त्याही फुटलेल्या, तर अमिबाकडे संशय जास्त. इथे औषध बदलतं, म्हणून डॉक्टर याच ओळीवर आधी नजर टाकतात.

लपलेलं रक्त

रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संडास काळी होते. ते लोह, रक्त नाही. जठरातून वाहिलेल्या रक्ताची काळी संडास डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि उग्र वासाची असते. ती दिसली तर तपासणीची नाही, दवाखान्याची घाई करायची.

डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायला ‘ऑकल्ट ब्लड’ तपासणी. तिच्या दोन पद्धती आहेत आणि कुठली केली हे विचारायला हवं. जुन्या ग्वायॅक पद्धतीत कागदावर नमुना लावून हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात, निळा रंग आला तर रक्त. पण हा कागद मटणातल्या रक्तालाही निळा होतो, आणि मुळ्यासारख्या कच्च्या भाजीलाही. म्हणून आधीचे ३ दिवस मटण, मुळा, फुलकोबी बंद. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही बंद, कारण त्या असलेलं रक्त लपवतात. नव्या एफआयटी पद्धतीत फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडतात, पथ्य लागत नाही. पण जठरातलं रक्त खाली येईपर्यंत पचून जातं, म्हणून एफआयटी मोठ्या आतड्यासाठीच. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त पडत असताना दोन्ही करू नयेत. आणि साठीच्या माणसाचं हिमोग्लोबिन ७ वर आलंय, जंताचं औषध देऊन झालंय, तरी कारण सापडत नाही, तर ऑकल्ट ब्लड निगेटिव्ह आलं म्हणून थांबू नये. दुर्बिणीची तपासणी लागतेच.

साथ आली की

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी, कोयलारी भागात विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. अशा वेळी नमुना एका पेशंटसाठी नाही, गावासाठी घेतात. तांदळाच्या धुवणासारखी संडास असलेल्या चार-पाच जणांचा नमुना, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी, गुदद्वारातून कापसाच्या बोळ्यानं घेऊन केरी-ब्लेअर नावाच्या घट्टसर माध्यमात खोचतात. त्यात कॉलराचा जंतू प्रवासात जिवंत राहतो, आणि कॉलरासाठी बर्फाची गरज नसते. लॅबमध्ये तो टीसीबीएस नावाच्या थाळीवर पिवळे ठिपके होऊन उगवतो. पक्का निकाल यायला २-३ दिवस. तोवर सलाइन, ओआरएस, विहिरीत ब्लीचिंग पावडर, काहीच थांबवायचं नसतं. एक डोस अँटिबायोटिक पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात बरेचदा काहीच उगवत नाही, आणि मग कागदावर ‘साथीचं कारण अज्ञात’ राहतं.

बाकीच्या तपासण्या आणि आधी बंद करायच्या गोळ्या

दूध पिऊन लेकराला आंबट वासाची, फेसाळ हगवण होत असेल तर संडासचा पीएच बघतात, ५.५ च्या खाली असेल तर साखर पचत नाहीये. त्यासाठी नमुना ताजाच लागतो, शिळा नमुना आपोआप आंबतो. कॅलप्रोटेक्टिन ही आतड्याला सूज आहे का ते सांगणारी तपासणी. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर मोठ्या माणसात सुजेचा आजार बहुधा नाही. मात्र अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्याचा आकडा उगाच वाढलेला येतो. एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूच्या अँटिजेन तपासणीसाठी ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारखी ‘गॅसची गोळी’ २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येतं. बंद करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, विशेषतः ज्याला अल्सरचा त्रास झालाय त्यानं.

साध्या तपासणीआधीही एरंडेल घेऊ नये, तेलाचे थेंब सगळं झाकतात. बेरियमचा एक्स-रे काढला असेल तर आठ-दहा दिवस थांबावं. मेट्रोनिडाझोल खाल्ली असेल तर २ आठवडे.

उपचारानंतर पुन्हा तपासायची घाई नको. शाळेत-अंगणवाडीत जंतनाशक दिवसाला मिळणारी अल्बेंडाझोलची ४०० मि.ग्रॅ.ची गोळी खाल्ल्यावर मेलेल्या कृमींची अंडी काही दिवस पडतच राहतात. औषध लागू पडलं की नाही ते बघायचं तर २ ते ३ आठवड्यांनी, आणि पहिल्यांदा ज्या पद्धतीनं अंडी सापडली त्याच पद्धतीनं. आधी कॉन्सन्ट्रेशननं बघितलं आणि नंतर साध्या स्लाइडवर ‘नॉट सीन’ आलं, तर त्या दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही.